दुरपताकाकूचा दोर

तेलाचा पाच लिटरचा कॅन रिकामा झाला की मी तो अजून भंगारात देत नाही. घासते, उपडा घालून वाळवते, झाकण घट्ट लावते आणि दुकानाच्या माळ्यावर टाकते. माझा नवरा म्हणतो, "लली, कबाडाचं दुकान काढतं का आता?" म्हणू दे. लाखांदूरला येऊन मला बरीच वर्षं झाली, इथं माझी शिलाई बरी चालली आहे, पण रिकामा कॅन दिसला की हात आपोआप झाकण शोधतो. ही सवय मला पवनीच्या दुरपताकाकूनं लावली.

पवनीत माझ्या माहेरचं घर आणि काकूचं घर एका भिंतीचं. तिच्याकडे दोन हातमाग होते. एक बंद पडून त्यावर गोधड्या ठेवल्या जायच्या, दुसऱ्यावर काकू लुगडी विणायची. बुटकी, रुंद खांद्यांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की ती घरात बोलली तरी आमच्या पोळ्या थांबायच्या. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "कमी पडला. पुन्हा." लुगड्याचा काठ मनासारखा आला नाही की स्वतःलाच म्हणायची, "कमी पडला. पुन्हा." माझ्या वरणातलं मीठ, तिच्या नवऱ्याची दाढी, वरातीतला बँड, सगळ्यांना हेच. मी पहिल्यांदा तिचं ब्लाऊज शिवून दिलं तेव्हा बाही दोन बोटांत धरून तिनं पाहिली आणि म्हणाली, "लली, कमी पडली वं. पुन्हा." मी रडकुंडीला आले होते. पण दुसऱ्यांदा शिवलेली बाही खरंच चांगली बसली, हेही सांगायला हवं.

तिचा नवरा वासुदेवभाऊ. या माणसाला गावात वेगळाच मान होता. वैनगंगेच्या घाटावर कोणी बुडालं की लोक पोलिसांच्या आधी भाऊंकडे धावायचे. भाऊ जेवत असले तरी ताट सारून उठायचे, पळता पळता सदरा काढायचे आणि घाटाच्या वरच्या पायरीवरूनच उडी घ्यायचे. कितीक लोक त्यांनी जिवंत काढले, कितीक मेलेले काढले. बाजारात त्यांच्याकडून चहाचे पैसे कोणी घेत नसे. भाऊंनाही ते आवडायचं, का नाही आवडणार?

पण भाऊंच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेऊन हृदयात जाळी बसवली. डॉक्टरनं बजावलं, पोहणं बंद. भाऊ मान हलवून आले आणि महिन्याभरातच घाटावर कॉलेजचा एक पोरगा बुडताना दिसला तसे पाण्यात. पोरगा धिप्पाड. जीव जाऊन राहिलेला माणूस हाती लागेल त्याला कवटाळतो. त्यानं भाऊंच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघंही खाली गेले. घाटावर बाया धुणं धूत होत्या, त्यांत काकूही होती. तिनं ते पाहिलं. दोघं वर आले, पुन्हा गेले, पुन्हा वर आले. शेवटी कसेबसे काठाला लागले तेव्हा भाऊंच्या नाकातून रक्त येत होतं आणि ओठ निळे पडले होते.

मला वाटलं, आता काकू आकांत करणार. केला नाही. भाऊंना रिक्षात घालून आणलं, ऊन पाणी दिलं, झोपवलं. मग माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "लली, हे माणूस घरी नाई मरत. हे पान्यातच मरते. कोनी हाक मारली का हे जाते. मी पाय धरले तरी जाते."

"मग काय करता, काकू?"

"हाक माराची गरजच नाई पडली पाह्यजे. यांच्या आधी मी पोहोचली पाह्यजे."

"तुम्ही? तुम्हाला पोहता तरी येते का?"

"नाई येत," ती म्हणाली. "त शिकन ना."

पन्नाशीला टेकलेली बाई. नातू बालवाडीत जाणारा. आणि ही पोहणं शिकणार! गल्लीत हसण्याला पार राहिला नाही. पहिल्या दिवशी ती गाऊन घालून गावच्या तलावात उतरली, तर गाऊन हवा भरून असा फुगला की काकू मधोमध आणि भोवती फुलांचा मंडप. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हसली ना? आता याले उपाय कर." मग मी तिला भाऊंच्या जुन्या पँटची चुडीदार आणि अंगाला घट्ट बसेल असा पूर्ण बाह्यांचा सदरा शिवून दिला. तिनं घालून आरशात पाहिलं. "बायकांत नाई, मानसांत नाई, कशी दिसून राहिली वं मी," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच घालून तलावावर गेली.

शिकवायला खुद्द भाऊ. तिनं त्यांना तेवढंच काम ठेवलं होतं, काठावर बसून शिकवायचं. "अवो, कंबरेवर पानी आलं का तुमी बाहेर," ही अट. भाऊ चिडायचे, "दुरपते, पाय मार, पाय! भाकरी थापून राहिली का पान्यावर?" ती नाकातोंडात पाणी जाऊन खोकायची, डोळे लाल करायची आणि म्हणायची, "कमी पडला. पुन्हा." उन्हाळा संपेतो तिला तलाव आडवा पार करता येऊ लागला. हसणाऱ्या बायांपैकी दोघी-तिघी मग तिच्याबरोबर उतरायला लागल्या.

पुढे तालुक्याला स्वयंसेवकांसाठी शिबिर लागलं, पुरात बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते शिकवणारं. काकूनं नाव दिलं. सगळी तरणी पोरं, आणि त्यात माझ्या शिलाईच्या सदऱ्यातली ही. परत आली ती पायात चप्पल घालायचं विसरून आल्यासारखी, धावत. भाऊ ओट्यावर सुपारी कातरत होते.

"आयकता का? मास्तरनं काय सांगतलं माहीत आहे का? पहिले आरडाओरड. मंग काठी. मंग दोर. अन् पान्यात उतरनं सगळ्यात शेवटी! तेबी उतरलंच पाह्यजे असं नाई! आपन काठावर राहूनच मानूस काढाचा. जो उडी मारते तो दुसरा बुडनारा, असं म्हनते मास्तर."

भाऊंनी सुपारी तोंडात टाकली. "तुह्या मास्तरनं किती मानसं काढली?"

"किती काढली ते मी कायले इचारू? तो जिता आहे ना!"

भाऊ उठून आत निघून गेले. त्यांना लागलं होतं ते. ज्या उडीसाठी गावानं त्यांना डोक्यावर घेतलं तीच चूक आहे असं घरची बाई सांगत होती. पण काकू मागं हटली नाही. त्या दिवसापासून तिच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली, आपल्या घाटावर कोणी बुडू द्यायचं नाही आणि आपल्या माणसाला पाण्यात जाऊ द्यायचं नाही. तिच्या लेखी या दोन गोष्टी नव्हत्याच.

दोराची गंमत सांगते. विणकराच्या घरची बाई, ती दोर विकत आणेल? तिनं मागावरचं उरलंसुरलं सूत गोळा केलं, शेजारच्या घरांतून मागून आणलं आणि पावसाळाभर बसून त्याचा मनगटाएवढा पीळदार दोर वळला. इतका देखणा दोर मी पाहिला नाही. मध्ये मध्ये लाल धागा, टोकाला गोंडा. "सूत कधी दगा नाई देत," ती सगळ्यांना दाखवत फिरली. मग आम्ही वाजतगाजत घाटावर गेलो. काकूनं टोकाला तेलाचा रिकामा कॅन बांधला, बुडणाऱ्याला धरून तरंगता यावं म्हणून, हात मागं नेला आणि फेकला. पहिल्यांदा बरा गेला. ओढून घेतला. दुसऱ्यांदा फेकायला गेली तर दोर पाणी पिऊन असा जड झालेला की तिच्याच पायाशी धपकन पडला. कॅन तेवढा तरंगत राहिला आणि पावसाळाभराचं सूत तळाला गेलं. भाऊ पायरीवर बसून इतके हसले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली.

काकूचं तोंड एवढंसं झालं. सात पिढ्या सूत हाताळणाऱ्या घरात, सूत पाणी पितं हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही! ती ओला दोर खांद्यावर टाकून घरी गेली, वाळवला आणि त्यावर धुणं वाळत घालायला लागली. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून पिवळा नायलॉनचा दोर आणला. "दिसाले नकटा आहे, पन तरंगते," म्हणाली. कॅनमध्ये ओंजळभर पाणी घातलं म्हणजे तो वाऱ्यानं भरकटत नाही, हे तिनं फेकून फेकूनच शोधलं.

मग रोज सकाळी सराव. मी खालच्या पायरीवर बुडणारी बाई व्हायचे. "लली, हात वर कर! बुडता येत नाई का धड?" कॅन माझ्या अलीकडे पडला की, "कमी पडला. पुन्हा." डोक्यात बसला की, "आता तू मेली. पुन्हा." खरंच दोनदा टेंगूळ आलं मला. बुडणाऱ्याच्या अंगावर नाही, खांद्यापलीकडे टाकायचा, म्हणजे दोर त्याच्या छातीवर येतो. हळूहळू तो बरोबर तिथं पडायला लागला.

त्या वर्षी गणपती विसर्जनाला काकू घाटावर ठाण मांडून बसली. मंडळाची पोरं नाचत खोल पाण्याकडे निघाली तशी ती आडवी आली. "गनपती शिरवाले आले का सोताले शिरवाले आले बे?" पोरं म्हणाली, "काकू, भाऊ आहेत ना!" तेच तिला नको होतं. तिनं सगळ्यांसमोर दोराचं दुसरं टोक घेतलं, भाऊंच्या कंबरेला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि त्यांना पायरीवर बसवलं. "हा माहा खुंटा आहे. खुंटा हालत नाई." सारा घाट हसला. भाऊंचा चेहरा काळवंडला. विसर्जन झाल्यावर त्यांनी गाठ सोडली आणि चार दिवस काकूशी बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "लली, या गावात मानूस होतो मी. बाईनं खुंटा करून बांधलं मले."

खरं सांगते, मला भाऊंचं वाईट वाटलं. काकूला सांगितलं तर ती म्हणाली, "मलेबी वाटते. पन वाईट वाटून मी गाठ सैल करू का?"

आणि मग दिवाळीनंतरचा तो दिवस आला.

त्या दिवसांत नदी उतरलेली असते, घाटासमोर रेतीचा लांब पट्टा उघडा पडतो. घाट आणि पट्टा यांच्यामध्ये गुडघाभर पाण्याची धार. लोक ती ओलांडून पट्ट्यावर जातात, गोवऱ्या पेटवून कणकेचे जाड रोडगे भाजतात, वांग्याची भाजी करतात आणि पंगत घालतात. त्या दिवशी आसगावचं एक शेतकरी कुटुंब आलं होतं. म्हातारे बुवा, मुलगा, सून, जावई, चार-पाच लेकरं. काकूनं त्यांना हटकलं. "बुवा, रोडगे इकडं पायऱ्यांपाशीच करा. त्या धारेत रेती काढल्याचे खड्डे आहेत, अन् धरनाचं पानी कवाबी सोडते."

बुवा हसले. "बाई, माह्या बापाची याच रेतीवर टरबूज-डांगराची वाडी होती. लहानपनी मी इथं डांगरं राखत निजलो. तू मले नदी दाखवतं का वं?"

"तुमची नदी येगळी होती, बुवा. हे येगळी आहे."

पण ते गेलेच. काकू वाद घालत बसली नाही. कॅन जवळ घेऊन पायरीवर बसली आणि मलाही बसवलं. भाऊ वर लिंबाखाली बसले होते, गणपतीतला राग अजून पुरता गेला नव्हता.

रोडगे गोवऱ्यांत गेले आणि धरणाकडून भोंगा ऐकू आला. पाणी सोडताना वाजवतात तो. मी बुवांना पाहिलं. त्यांनी कपाळावर हात धरून आकाश पाहिलं. निळं स्वच्छ आकाश, ढगाचा ठिपका नाही. त्यांनी मुलाला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा राखेत रोडगे फिरवायला लागले. अख्खं आयुष्य त्यांनी ढग पाहूनच पूर ओळखला होता. ढगाशिवाय पूर येतो हे त्यांच्या मनाला पटणार कसं?

काकू उभी राहून ओरडत सुटली. "बुवा, या! भांडे राहू द्या! लेकरं घ्या अन् या!" पाणी त्यांच्या समोरच्या पात्रातून नाही आलं, पाठीमागून आलं. घाट आणि पट्ट्यामधली धार आधी फुगली. मग त्यांची धावाधाव झाली. मुलानं आणि जावयानं लेकरं खांद्यावर घेऊन मांडीभर पाण्यातून काठाला आणली. बुवा रेतीवरच राहिले. सून निघाली ती रोडग्यांची टोपली डोक्यावर घेऊन! एवढे भाजलेले, कसे टाकायचे? धारेच्या मध्यावर तिचा पाय खड्ड्यात गेला आणि बाई दिसेनाशी झाली. टोपली उलटून रोडगे पाण्यावर पसरले.

तिचा नवरा किंचाळत पाण्याकडे धावला. काकूनं त्याला खांद्यानं असा धक्का दिला की तो पायरीवर पडला. "कोनी उतराचं नाई! लली, धर याले!" मी आणि जावई, आम्ही दोघांनी त्याला धरून ठेवलं. सून वर आली, हात मारायला लागली. काकूनं कॅन फेकला. वीतभर अलीकडे पडला.

"कमी पडला," काकू म्हणाली. अगदी रोजच्या आवाजात म्हणाली. "पुन्हा."

ती दोर भराभर ओढून घेत होती तेव्हा मी मागं वळून पाहिलं. भाऊ आमच्या मागच्या पायरीपर्यंत आले होते. सदरा काढून फेकलेला. एक पाय उडीसाठी पुढं. छातीवरचे पांढरे केस, डोळे त्या बाईवर, आणि अंग पुढं झुकलेलं. ती उडी मी लहानपणापासून पाहत आले होते, पुढच्या क्षणी काय होणार ते मला ठाऊक होतं. काकूला मागं वळून पाहायला फुरसत नव्हती. पण तिला कळलं होतं. तिनं समोर बघतच दोराचं मागचं टोक डाव्या हातानं मागं टाकलं आणि म्हणाली, "अवो, खुंटा."

ओरडली नाही. हुकूम नव्हता तो, ती मागत होती.

कॅन उडाला, सुनेच्या खांद्यापलीकडे पडला, दोर तिच्या छातीशी आला. "धर! छातीशी धर! उताणी हो!" तिनं धरला. दोर ताणला गेला आणि काकूचे पाय शेवाळावरून पुढं घसरले. आता हीही जाते असं मला वाटलं. तेवढ्यात दोर मागून कचकन आवळला. भाऊ पायरीवर बसले होते. दोर कंबरेला गुंडाळून, दोन्ही टाचा दगडाला रोवून, डोळे मिटून मागं रेलले होते. ते ओढत नव्हते, नुसते हलत नव्हते. काकूनं हातावर हात टाकत बाईला काठाला आणलं.

बुवांना नंतर मासेमारांच्या डोंग्यानं आणलं. रेतीवर गुडघाभर पाण्यात ते काठी धरून उभे होते. काठाला उतरल्यावर सुनेला पाहिलं, काकूसमोर हात जोडले आणि तसेच उभे राहिले. काकूचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती भाऊंच्या कंबरेचे वेढे सोडवायला बसली होती.

"तुमी उतरले नाई," ती म्हणाली.

"तू खुंटा म्हनलं ना," भाऊ म्हणाले.

मग काकू रडली. भर घाटावर, मांडी ठोकत, मोठ्यानं. "मले वाटलं आज तुमी गेले. मले वाटलं तुमी गेलेच जी." भाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून इकडंतिकडं बघत होते, लोक पाहतात म्हणून लाजत होते, पण हात काढत नव्हते.

त्यानंतर भाऊंनी उडी मारली नाही. लोक विचारायचे तर सांगायचे, "आता आमी दोर फेकतो." 'आमी' म्हणायचे, बरं का. फेकायची काकूच. घाटावर तिच्या मागं बायका-पोरांची फळी उभी राहिली. आसगावच्या त्या कुटुंबाचे रोडगे पुढच्या वर्षीपासून पायऱ्यांपाशी भाजले जायला लागले आणि भोंगा वाजला की बुवाच आधी ओरडायचे. घाटावर पुन्हा कोणी बुडालं नाही का? मी तिथं होते तोवर तरी नाही.

पुढे मी लाखांदूरला आले. काही वर्षांनी कळलं, काकूला लकव्याचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. मी भेटायला गेले. मागावर बसता येत नव्हतं, बोलणं जड झालेलं. तिनं माझ्या ब्लाऊजची बाही डाव्या हातानं चाचपली आणि मान डोलावली. तिच्याकडून मिळालेली ती एकच शाबासकी. जेवून मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "आमालेबी घाटावर जाची येळ झाली." मला वाटलं, हवा खायला जात असतील.

परतीची एसटी पुलावर आली. मी खिडकीला होते. खाली घाट दिसला. आमच्या पूर्वीच्या सरावाच्याच जागी, मधल्या पायरीवर काकू बसली होती, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि दोराचं टोक तिच्या कंबरेला बांधलेलं. तिच्यासमोर भाऊ उभे, वाकलेले, कानटोपी घातलेले. त्यांनी हात मागं नेला आणि फेकला. पांढरा कॅन थोडासा उडाला आणि जवळच पडला. भाऊंनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं. काकूची मान हलली. एवढ्या उंचावर, इंजिनच्या घरघरीत मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ती काय म्हणाली ते मला माहीत होतं, कारण भाऊंनी मुकाट्यानं दोर ओढायला घेतला.